‘अर्धशिशी म्हणजे पित्तच’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गटावर, माहेरच्या गटावर आणि महाप्याच्या कार्यालयातल्या मैत्रिणींच्या गटावर एकच संदेश मला तीनदा आला. त्याचा सारांश असा : अर्धशिशी हा वेगळा आजार नसून ते डोक्यात चढलेले पित्त आहे आणि आयुर्वेदही तेच सांगतो, २१ दिवस सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाल्ली की ती मुळापासून जाते, कपाळ आणि गाल दुखत असतील तर तो सायनस समजावा, दुखलेच तर मेडिकलमधली साधी गोळी घ्यावी, ती निरुपद्रवी असते, मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची गोळी कधीही सुरू करू नये, कारण तिची सवय लागते, बायकांनी मन शांत ठेवले तर निम्मा त्रास आपोआप जातो, आणि डोकेदुखीने आजवर कोणी मेलेले नाही.

संदेश पाठवणाऱ्यांत माझी मावशीही आहे. तिने तो मायेने पाठवला, कारण गेली १९ वर्षे खिडक्यांचे पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत पडून राहणारी मी तिने पाहिली आहे. म्हणूनच ‘धन्यवाद’ लिहून विषय सोडून देणे मला पटले नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः खऱ्या मानून करून पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकीने माझे प्रत्यक्ष नुकसान केले आहे.

पहिला मुद्दा पित्ताचा. हा समज का रुजला, हे समजण्यासारखे आहे. डोके ठणकू लागते, मळमळते, शेवटी आंबट-कडू उलटी होते आणि त्यानंतर पुष्कळांचा ठणका ओसरतो. साहजिकच पित्त पडले आणि डोके उतरले, असा अर्थ लावला जातो. पण मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणे आहेत, तिची कारणे नव्हेत. झटका आला की जठराची हालचाल मंदावते, खाल्लेले अन्न आणि घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते, आणि याच कारणाने जाणकार डॉक्टर वेदनाशामकाबरोबर उलटी थांबवणारे, जठरातले अन्न पुढे ढकलणारे औषधही देतात. आम्लामुळे डोके दुखत असते, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीने ते थांबले असते. मी दोन वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेतली. छातीतली जळजळ थांबली, झटके मात्र होते तेवढेच राहिले.

झटक्याची सुरुवात डोके दुखण्याच्या कितीतरी आधी होते, हे ध्यानात घेतले तर पित्ताचा आणखी एक पुरावा गळून पडतो. काही तास, कधी एक-दोन दिवस आधी जांभयांवर जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि एखादा पदार्थ खाण्याची अनावर इच्छा होते. आदल्या संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला आणि सकाळी डोके उठले, म्हणजे दोष वडापावचा, हा हिशेब आपण सगळेच करतो. प्रत्यक्षात तो खावासा वाटणे हीच झटक्याची पहिली पायरी असू शकते. काहींच्या बाबतीत विशिष्ट पदार्थ झटक्याला निमित्त होतात, हे मी नाकारत नाही. पण निमित्त आणि मूळ यांत फरक आहे.

मूळ मज्जासंस्थेत आहे. चेहरा आणि मेंदूभोवतीचे आवरण यांच्या संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल हा मज्जातंतू झटक्यात चाळवला जातो, त्याच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे रेणू स्रवतात, आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे जात राहतो. हा उलगडा करणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ मध्ये मेंदूसंशोधनासाठी दिले जाणारे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले, आणि याच रेणूला अडवणाऱ्या औषधांपैकी पहिल्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पोटातल्या आम्लाला या साखळीत कुठेही जागा नाही.

आता आयुर्वेदाचा दाखला. आयुर्वेदात अर्धशिशीला ‘अर्धावभेदक’ असे नाव आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तो एकट्या वाताने किंवा कफासह वाताने होतो असे म्हटले आहे, तर सुश्रुताने तो तिन्ही दोषांचा मानला आहे. चरकाने दिलेल्या कारणांत कोरडे अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, मलमूत्रासारखे नैसर्गिक वेग अडवणे आणि अतिश्रम आहेत. केवळ पित्ताला दोषी धरणारा हा संदेश आयुर्वेदाचे नाव घेतो आणि आयुर्वेदाच्याच ग्रंथांशी फारकत घेतो. ज्यांना वैद्यांकडे जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. परंतु ज्या शास्त्राच्या नावाने सांगायचे, त्याचे ग्रंथ किमान उघडून तरी पाहावेत.

दूध-जिलबीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उपाशी राहणे हे झटक्याचे एक मोठे निमित्त आहे, त्यामुळे पहाटे काहीतरी पोटात गेल्याने काहींना बरे वाटले असेल. ते काम दूध-पोळीनेही होते आणि मधुमेह असलेल्या माणसाला पहाटे जिलबी खाऊ घालणे धोक्याचे आहे. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास करून रात्री डोके धरून बसणाऱ्या बायका आमच्याच इमारतीत चार-पाच आहेत; त्यांना दुपारी काही खाऊन घेण्याची मोकळीक घरच्यांनी दिली, तरी महिन्यातला एक झटका टळू शकेल.

सायनसचा मुद्दाही असाच अर्धवट आहे. अर्धशिशीत नाक चोंदू शकते, डोळ्यांतून पाणी येऊ शकते आणि दुखणे गालात व कपाळात जाणवू शकते. सायनसची डोकेदुखी आहे असे स्वतः ठरवलेल्या किंवा डॉक्टरांनी तसे सांगितलेल्या २,९९१ जणांची तपासणी अमेरिकेत झाली आणि २००४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारात बसणारी निघाली. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही, आणि तरी महिन्यातून तीनदा ‘सायनस’ होत असेल, तर निदान पुन्हा तपासून घ्यायला हवे. वाफारा घेऊन बरे वाटण्याची वाट पाहण्यात वर्षे जातात.

ज्या मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसले, तो गोळ्यांचा आहे. जे जपून घ्यायचे त्याला संदेशाने निरुपद्रवी म्हटले आहे आणि जे उपयोगी आहे त्याची भीती घातली आहे.

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. दूधवाल्याचे खाडे मांडता मांडता एका जूनमध्ये मी त्यावर डोके दुखले त्या दिवशी लाल फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी निळे वर्तुळ करू लागले. महिनाअखेरीस २२ फुल्या होत्या आणि १७ वर्तुळे. ठाण्यातल्या ज्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे अखेर मी गेले, त्यांनी माझे जाडजूड तपासणी-अहवाल बाजूला ठेवले, ते पान समोर घेतले आणि पेनच्या टोकाने एकेक वर्तुळ मोजले. मग विचारले, “आधी महिन्यातून किती वेळा दुखायचे?” मी आठवून सांगितले, चार-पाच वेळा. ते म्हणाले, “मग उरलेले दिवस या गोळ्यांचे आहेत.”

या प्रकाराला अतिऔषधवापराची डोकेदुखी म्हणतात आणि तिची मोजणी ठरलेली आहे. ज्याला आधीपासून डोकेदुखीचा विकार आहे अशा माणसाने पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखे साधे वेदनाशामक महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा अनेक घटक एकत्र असलेली गोळी किंवा अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गटातले औषध महिन्यात १० किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले, तर औषधच डोकेदुखी वाढवू लागते. मेडिकलच्या काउंटरवर सुटी मिळणारी, कॅफीन मिसळलेली गोळी या दुसऱ्या, १० दिवसांच्या यादीत येते. मी तीच घेत होते. सकाळी कोपरखैरण्याला जाणारी लोकल पकडण्याआधी एक, कार्यालयातले पांढरे दिवे डोळ्यांना टोचू लागले की दुपारी आणखी एक. जिला मी इलाज समजत होते, ती पर्समधली पट्टीच मला पुढच्या दुखण्याकडे नेत होती आणि ‘निरुपद्रवी’ हा शब्द ऐकला की मला तीच पट्टी दिसते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा अतिरेक जठर आणि मूत्रपिंडे यांना इजा करतो, हे वेगळेच.

गोळी घेऊच नये, असा मात्र याचा अर्थ नाही. दिवस मोजून घ्यावी, आणि घ्यायचीच तर दुखणे हलके असतानाच, योग्य मात्रेत घ्यावी. ‘बघू या, सहन होते का’ म्हणत तीन तास घालवले की जठर मंदावलेले असते आणि गोळी लागू पडत नाही. साध्या गोळीने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखी अर्धशिशीसाठीच तयार झालेली औषधे आहेत. हृदयविकार असणाऱ्यांना ती चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

रोजच्या गोळीची भीती बहुधा वेष्टनातल्या कागदामुळे बसते. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठीही देतात, अॅमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी, टोपिरामेट फिट्ससाठी. कागदावर ते वाचले की घरची माणसे हबकतात. अर्धशिशीत हीच औषधे झटक्यांची संख्या घटवण्यासाठी दिली जातात, अॅमिट्रिप्टिलिन तर नैराश्याच्या मानाने बऱ्याच कमी मात्रेत. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही. काही महिने घेऊन, झटके आटोक्यात आले की डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. एकदम मात्र थांबवायची नसतात. दुष्परिणाम आहेतच : कुणाला दिवसा पेंग येते, कुणाचे वजन बदलते, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, दमेकऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी टोपिरामेट व व्हॅलप्रोएट यांविषयी आधीच डॉक्टरांशी स्पष्ट बोलायला हवे. गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि झटके निम्म्यावर आले तरी उपचार यशस्वी समजतात. ‘मुळापासून’ हा शब्द कोणताही प्रामाणिक डॉक्टर वापरणार नाही. माझ्या बाबतीत सुट्या गोळ्या बंद केल्यावर पहिले आठ-नऊ दिवस फार कठीण गेले, दुखणे आधीपेक्षाही वाढले. नंतर ते उतरत गेले आणि ऑक्टोबरच्या पानावर ७ फुल्या आणि ४ वर्तुळे होती.

बायकांच्या मनाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मला वाईट वाटले. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट आढळते, आणि यामागे संप्रेरकांचा मोठा वाटा आहे. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यातले प्रमाण जवळपास सारखे असते, आणि पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरते तेव्हा पुष्कळजणींना झटका येतो. शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १८ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे दिसले. चारांतल्या एका माणसाला मन शांत ठेवायचा सल्ला देऊन हा प्रश्न सुटत नाही. ताण हे निमित्त असू शकते. तसेच जागरण, उशिरापर्यंतची झोप, चुकलेले जेवण, ऊन आणि मोठा आवाजही. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांत आठवड्याआड बदलणाऱ्या पाळ्यांत काम करणाऱ्या मुलींना झोपेची एक वेळ पाळणेच शक्य नसते, आणि दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात भिंती थरथरवणाऱ्या आवाजापासून पळायला जागा नसते. यात त्यांच्या मनाचा काय दोष?

याच संदर्भातली एक गोष्ट संदेशात नाही, पण असायला हवी होती. डोके दुखण्याआधी ज्यांच्या डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात किंवा समोरचा काही भाग दिसेनासा होतो, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्या रेषांचा उल्लेख आपण होऊन करावा. ‘डोके दुखते’ एवढेच सांगितले तर ही बाब सुटून जाते.

राहिला शेवटचा दावा, डोकेदुखीने कोणी मरत नाही हा. अर्धशिशी जीवघेणी नसते, पण प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. काही सेकंदांत शिगेला पोहोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी; तापाबरोबर आखडलेली मान; एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना शब्द न सापडणे; डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे; पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी; गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली तीव्र डोकेदुखी; यांपैकी काहीही असेल तर जिलबी, बाम आणि पर्समधली पट्टी यांपैकी कशाचाही विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि पहिल्या चार प्रकारांत तर तासही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.