क्लचला म्हणे ‘दुप्पट मार्जिन’ असतं!

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, कारण असल्या मेसेजना उत्तरं देत बसलं तर दुसरं काही करायला नको. पण परवा तो भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे वाचा. क्लचचं टेन्शन नाही.’ त्याच्याकडे जुनी स्विफ्ट डिझेल आहे. तिला 90 पीएसवाला (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) टर्बो बसवून वर रिमॅप करायचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवायची, असं त्याने ठरवलंय. याच गाडीतून तो आई-वडिलांना घेऊन पुणे-कराड करतो. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: कंपनी प्रत्येक क्लचला दुप्पट मार्जिन देते, म्हणजे इंजिनाच्या जोराच्या दुप्पट जोर तो धरू शकतो. क्लच फक्त गिअर बदलताना काम करतो, त्यामुळे हाफ क्लचची सवय नसेल तर टर्बो वाढवा, रिमॅप करा, त्याला काही होत नाही. स्विफ्ट आणि अर्टिगाचं डिझेल इंजिन एकच, मग 90 पीएसला घाबरायचं कशाला? आणि समजा स्लिप झालाच, म्हणजे त्याची पकड सुटून तो घसरलाच, तर हेवी, म्हणजे जास्त दाबाची, प्रेशर प्लेट टाका, विषय संपला.

यातलं सगळ्यात अचाट वाक्य आधी घेऊ. ‘क्लच फक्त गिअर बदलताना काम करतो.’ अहो, गिअर बदलताना तुम्ही पेडल दाबता तेव्हा क्लच सुटलेला असतो. त्याचं खरं काम तुम्ही पाय काढल्यावर सुरू होतं. इंजिनाचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती) आणि स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेल्या एका क्लच प्लेटमधून गिअरबॉक्सकडे जातो. तिथे दात नाहीत, बोल्ट नाही, आहे ते फक्त घर्षण. 100 च्या स्पीडने पाचव्या गिअरमध्ये निवांत चालला असाल तरी ते घर्षण टॉर्क धरून असतं. ‘नीट चालवणं’ म्हणजे पेडलवर पाय न ठेवणं एवढंच असेल, तर त्याने प्लेटची झीज कमी होईल हे खरं. पण प्लेट किती टॉर्क धरू शकते, तो आकडा तुमच्या चालवण्याने एका न्यूटन-मीटरनेही (टॉर्क यात मोजतात) वाढत नाही.

तो आकडा कुठून येतो हे यंत्ररचनेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. घर्षणाचा गुणांक (पकड किती घट्ट त्याचा आकडा), गुणिले स्प्रिंगचा दाब, गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या, गुणिले दोन, कारण प्लेटला दोन बाजू असतात. हिशेबापुरतं समजा, गुणांक 0.3, दाब 4600 न्यूटन आणि त्रिज्या 90 मिलिमीटर. उत्तर येतं 248 न्यूटन-मीटर. आता तीच प्लेट ट्रॅफिकमध्ये तापली आणि गुणांक 0.25 वर आला, की उत्तर होतं 207. स्प्रिंग, त्रिज्या, गाडी सगळं तेच.

स्विफ्ट डिझेलचा टॉर्क 190 न्यूटन-मीटर, 2000 आरपीएमला. म्हणजे आपल्या हिशेबातला क्लच थंड असताना 30 टक्के वरचढ आहे, तापल्यावर जेमतेम 9 टक्के. ‘मार्जिन’ म्हणतात ते हेच. ते रिकामं पडलेलं नसतं. चढावर भरलेली गाडी उचलणं, तापलेली प्लेट, झिजत आलेली प्लेट, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून पाझरलेलं थोडंसं ऑइल, हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं. रिमॅपनंतर 240 न्यूटन-मीटर मिळाले असं धरा. 26 टक्के वाढ. थंड क्लच 248 ला कसाबसा तग धरेल आणि ट्यूनिंगवाल्याच्या दारातली टेस्ट ड्राइव्ह झकास होईल. मे महिन्यात, पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन खंबाटकी चढताना मात्र तुमच्याकडे 207 चा क्लच असेल.

आणि दुप्पट? दुप्पट कुठून आणलं कोण जाणे. याला उत्तर म्हणून एकच गाडी पुरे. 2016 साली स्कोडाने नवी सुपर्ब भारतात आणली, जुळणी आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात. 1.8 टीएसआय पेट्रोल, 180 पीएस. मॅन्युअल घेतली तर टॉर्क 320 न्यूटन-मीटर, आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, घेतली तर 250. इंजिन एक, पॉवर एक, टॉर्क 70 ने कमी. कारण तो डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या दुहेरी क्लचचा, डीक्यू200 नावाचा, आणि त्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटरची. मर्यादा क्लचची की गिअरांची, असा वाद कुणी घालेल. खुशाल घाला, युनिट एकच आहे. मुद्दा असा, की ज्या कंपनीने ते बनवलं, जिच्याकडे सगळ्या चाचण्यांचे कागद आहेत, तिने स्वतःच्या महागड्या गाडीत टॉर्क कापला. दुप्पट मार्जिन असतं तर 320 आरामात चाललं असतं, आणि डीएसजीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी टॉर्क द्यायची वेळ आली नसती.

स्विफ्ट-अर्टिगाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. 1248 सीसीचं ते फियाटचं मल्टिजेट इंजिन दोन्हीकडे होतं. स्विफ्टला साधा टर्बो आणि 75 पीएस. अर्टिगाला सुरुवातीला व्हीजीटी, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा टर्बो, आणि 90 पीएस. पण मेसेज लिहिणाऱ्याने पुढचा रकाना वाचलाच नाही. अर्टिगाचा टॉर्क होता 200. चांगला टर्बो बसवून कंपनीने पॉवर 20 टक्के वाढवली आणि टॉर्क फक्त 10 न्यूटन-मीटरने. ती वाढीव पॉवर वरच्या आरपीएममधून काढली. क्लचला पॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. त्यामुळे 90 पीएसचा टर्बो कंपनीच्याच मापाने चालवला, तर धडधाकट क्लच बहुतेक टिकेल, हे मी नाइलाजाने का होईना कबूल करतो. भाच्याला मात्र टर्बोही हवाय आणि वर रिमॅपही. आणि रिमॅप विकला जातो तो 2000 आरपीएमच्या आसपास छातीत बसणाऱ्या धक्क्यावर. तो धक्का म्हणजेच टॉर्क.

स्लिप व्हायला लागली की काय होतं, हे मेसेजमध्ये नाहीच. प्लेट 207 न्यूटन-मीटर धरतेय आणि इंजिन गिअरबॉक्सपेक्षा 300 आरपीएमने पुढे पळतंय असं धरा. साधारण साडेसहा किलोवॅट उष्णता तयार होते. बाथरूममधले 2 किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू करून बंद बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या धातूच्या आवरणात) कोंबा, तेवढी. त्याने प्लेट आणखी तापते, गुणांक आणखी घसरतो, स्लिप आणखी वाढते. जळका वास येतो तो या टप्प्यावर. आणि हे पार्किंगमध्ये होत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चटकन पळते, इंजिन जास्त टॉर्कच्या पट्ट्यातून लगेच बाहेर पडतं. चौथ्या-पाचव्यात ते त्या पट्ट्यात रेंगाळतं. म्हणजे नेमकं घाटात, ट्रकच्या शेजारून ओव्हरटेक करताना, तुम्ही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी जागची हलत नाही. समोरून डंपर येतोय. तिथे तुमचं दुप्पट मार्जिन काढा बाहेर.

हेवी प्रेशर प्लेटबद्दल फार लिहीत नाही. दाब वाढवला की धरायची ताकद वाढते, हे वरच्या गणितातच आहे. पण पेडल जड होतं, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर तो भार दर वेळी येतो, आणि आधी क्लच स्लिप होऊन जो धक्का गिळत होता तो आता थेट गिअर आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. ज्या गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील आहे, तिथे त्याच्या आतल्या स्प्रिंगांचाही विचार करावा लागतो. विषय संपत नाही, एक खोली पुढे सरकतो.

‘हजारो लोकांनी केलंय, कुणाचा क्लच गेला नाही’, ही मेसेजची शेवटची ओळ. ज्याचा गेला तो गुपचूप गिअरबॉक्स उतरवून नवा क्लच सेट टाकतो आणि ‘जुना होताच’ म्हणतो. तो फॉरवर्ड कशाला करेल?

टर्बो करायचाच असेल तर ट्यूनिंगवाल्याकडून आधी टॉर्कचा आलेख मागा, पॉवरचा नको. 1700 ते 2500 आरपीएमच्या पट्ट्यात किती न्यूटन-मीटर आहेत ते बघा आणि त्या पट्ट्यात टॉर्कला लगाम घालून मॅप मागा. तो घालता येतो. क्लच सेट विकणाऱ्यालाही हाच प्रश्न: किती न्यूटन-मीटरचा? ‘हेवी ड्युटी आहे साहेब’ हे उत्तर धरू नका. आणि आत्ता गाडीत असलेला क्लच तपासायला मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, चौथ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि स्पीड एकत्र चढले तर ठीक. काटा एकटाच उडी मारत असेल, तर तो क्लच कंपनीच्या 190 लाच कमी पडतोय, टर्बोची गोष्ट लांबच.