'एक हितचिंतक' यांना उत्तर: माझ्या संगणकावर डेबियन कुणी टाकलं?

अंध व्यक्तीने विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्तस्रोत (जिचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी) संगणक प्रणाली का निवडावी, या माझ्या लेखावर 'एक हितचिंतक' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: लिनक्स हा हौसेचा मामला, अंध माणसाला पोट भरायचं असेल तर विंडोज आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) बरा. बँकेच्या साइट, ऑफिसच्या फायली, वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-यंत्रणेच्या अडचणी मी सांगितल्या नाहीत आणि नव्या मुलांची दिशाभूल करते आहे. आणि मधे हे वाक्य: "ताई, राग मानू नका, पण हे सगळं घरातलं कुणीतरी डोळस माणूस, बहुधा तुमचे मिस्टर, करून देत असणार."

राग आला आहे. आधी ताई म्हणायचं, मग राग मानू नका म्हणायचं आणि तिसऱ्या पावलाला माझं काम माझ्या नवऱ्याच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं, याला हितचिंतन म्हणत नाहीत. 'तुम्ही हे कसं केलंत?' एवढं विचारलं असतंत तर आनंदाने सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, 'असणार' म्हणून ठरवून टाकलंत.

तर ऐका. डेबियन ही लिनक्सचीच एक आवृत्ती. तिची पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की बूट मेनू आल्यावर बीप वाजते. तिथे 'एस' दाबायचं आणि एंटर. थोड्या वेळाने इन्स्टॉलर बोलायला लागतो. एकापेक्षा जास्त साउंड कार्ड असली तर एकेकावर आवाज काढून बघतो आणि ज्यावर तुम्हाला ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. पुढे प्रत्येक प्रश्नाचे पर्याय आकड्यांसकट वाचले जातात, आपण आकडा टाइप करायचा. भाषा, कीबोर्ड, पासवर्ड, सगळं तसंच. डिस्कच्या पार्टिशनला मी दर वेळी सावकाश जाते, यादी पुन्हा ऐकते, कारण तिथे चुकीचा आकडा गेला तर आधीचं सगळं पुसलं जातं. आवाजावर इन्स्टॉल केलं म्हणून पुढे सिस्टीमही बोलतच उघडते. यात माझे मिस्टर कुठे आले? ते त्या वेळी ऑफिसात असतात.

एक गोष्ट मान्य करते. बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, बोलत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोणतं बटण दाबायचं, हे भाच्याने एकदा स्क्रीनवर वाचून सांगितलं आणि मी ते पाठ केलं. पण तोच मुका बायोस विंडोज टाकतानाही समोर असतो, तेव्हा तो लिनक्सच्या खात्यात मांडू नका.

तुम्हाला हे वाक्य किरकोळ वाटलं असेल. मी ते आयुष्यभर ऐकत आले आहे. संगणकाच्या पहिल्या क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं, "तू टायपिंग शीक, बाकीचं कुणीतरी करून देईल." तिथे एका महागड्या स्क्रीन रीडरची चाचणी आवृत्ती होती. चाळीस मिनिटांनी ती गप्प व्हायची, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. अर्धवट राहिलेलं पत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसायचं. घरच्या संगणकावर काही बिघडलं की दुकानातला मुलगा येईपर्यंत आमचा कारभार ठप्प, आणि तो आला की बोलायचा माझ्या आईशी. आज स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांची पानं मी टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ओसीआर करते, म्हणजे चित्रातला मजकूर टाइप केलेल्या अक्षरांत आणते, चुका ऑर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरवर अक्षर अक्षर ऐकून सुधारते आणि त्याचे पैसे मिळवते. पोट भरण्याबद्दल मला शिकवू नका.

आणि हौशी कुणाला म्हणता? संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकले. त्यांनी ईमॅकस्पीक ही संगणकाला बोलतं करणारी प्रणाली १९९५ मध्ये आणली ती स्वतः रोज काम करता यावं म्हणून. तुम्ही ज्या एनव्हीडीएचं नाव माझ्या तोंडावर मारलंत, तेही २००६ मध्ये मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात सुरू केलं, जेम्स टेह हे दुसरे अंध प्रोग्रॅमर त्यात आले, आणि ते मुक्तस्रोतच आहे. ज्याच्या जोरावर मुक्तस्रोताला नावं ठेवता, त्याचा परवाना तरी वाचून यायचं होतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. वेलँडचं म्हणाल तर मी माटे हा डेस्कटॉप वापरते आणि तो एक्स११ या जुन्या पडदा-यंत्रणेवर चालतो. माझ्या बँकेची साइट फायरफॉक्समध्ये चालते. ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज यांत्रिक आहे, त्याची मला सवय आहे. मुलांना मी एनव्हीडीए आणि ऑर्का दोन्ही शिकायला सांगते, हे त्याच लेखात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. डेबियनबद्दल, ऑर्काबद्दल कितीही कडक लिहा, उत्तर देईन. माझ्या घरच्या माणसांवर लिहाल तर ते इथे छापलं जाणार नाही.