बोर्ड पुसू देऊ नका

साहेब, सर्वप्रथम अभिनंदन. प्लांट हेड झालात. केबिन मिळाली, दारावर नावाची पाटी आली, पार्किंगमध्ये शेडखालची जागा मिळाली. आता आठवड्याभरात वरून मेल येईल की झालेली प्रगती टिकवायची आहे आणि कामाच्या ठिकाणी आपुलकीची संस्कृती रुजवायची आहे. घाबरू नका. भोसरी-चाकण पट्ट्यात मी ३१ वर्षं काढली. तेवढ्या काळात ६ प्लांट हेड पाहिले आणि सहाही जणांनी ही संस्कृती रुजवली. प्रत्येकाने त्याच कुंडीत, आधीच्याचं रोप उपटून.

आधी भाषा सुधारा. ‘कामगार’ हा शब्द बंद. ‘टीम मेंबर’ म्हणायचं. पहिल्याच भाषणात ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे यायलाच हवं, आणि ते म्हणताना हात छातीवर. कुटुंबाचे फायदे फार. दिवसाला ९ तास किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं की दुप्पट दराने पैसे द्या, असं आमच्या वेळच्या कारखाने अधिनियमाचं कलम ५९ सांगायचं. आता मला सांगा, घरात पाहुणे वाढले म्हणून आईने कधी भाकऱ्यांचा ओव्हरटाइम लावलाय? संपला विषय.

शिवाय कुटुंब म्हटलं की सख्खे-चुलत आलेच. कायम माणसाला निळा शर्ट, कंत्राटी माणसाला राखाडी. राखाडी शर्टांची पंगत दुसरी, तोवर भाजीत रस्सा उरतो. दिवाळीत निळ्यांना सुक्यामेव्याचा डबा, राखाडींना सोनपापडी. कोणी कुरकुर केली तर सांगा, ‘अरे, तुमचा डबा कॉन्ट्रॅक्टर देणार आहे.’ कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो सांगेल, कंपनी देणार आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये दिवाळी आरामात निघून जाते. आणि हो, कामगार ठराविक संख्येच्या वर गेले की कॅन्टीन कायद्यानेच द्यावी लागते, पण भाषणात ती आपण मायेपोटी दिली असंच म्हणा. कायदा वाचून कॅन्टीनमध्ये कोण येतो?

रोज सकाळी फ्लोअरवर चक्कर मारा. तिला आता गेंबा वॉक म्हणतात. जपानीत गेंबा म्हणजे जिथे काम प्रत्यक्ष घडतं ती जागा. सोबत एचआरचा एक, क्वालिटीचा एक, मोबाइलवर फोटो काढणारा एक आणि मान डोलावणारे दोन, एवढे पुरेत. मशीनवरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, ‘काय मग, बरंय ना?’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढच्या मशीनकडे वळायचं. वेळ साधायला थोडा सराव लागतो. आमच्या चौथ्या साहेबांना ते जमलं नाही. त्यांनी एकदा उत्तर ऐकून घेतलं, मग दुसऱ्याचंही घेतलं. वर्षाच्या आत त्यांची बदली झाली.

प्रगती टिकवण्याचं म्हणाल तर त्याचं शास्त्र जपान्यांनी करूनच ठेवलंय. फाइव्ह एस. सेइरी, सेइटन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा-पुसा, सगळीकडे एकच पद्धत लावा, आणि पाचवं म्हणजे हे सगळं टिकवा. शित्सुके आणि शिस्त हे शब्द कानाला इतके जवळचे लागतात की आमच्या ट्रेनिंगवाल्याने ‘हा मुळात आपलाच शब्द’ असं ठोकून दिलं आणि टाळ्या घेतल्या. पहिले चार एस ऑडिटच्या आदल्या आठवड्यात होतात. पिवळ्या रंगाचे डबे आणायचे, गँगवेच्या, म्हणजे ये-जा करायच्या वाटेच्या, पट्ट्या नव्याने ओढायच्या, नको असलेला माल टेम्पोत भरून शेजारच्या शेडमध्ये पाठवायचा. कस्टमरचा ऑडिटर गेला की टेम्पो परत. पाचवा एस त्या टेम्पोवाल्याला माहीत असतो. त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.

भिंती मोकळ्या ठेवू नका. डेमिंग यांचा फोटो हवाच. १९५० साली जपानला जाऊन क्वालिटी शिकवणारा अमेरिकन माणूस. त्यांची १४ सूत्रं मोठ्या फ्लेक्सवर छापून घ्या. आठवं सूत्र आहे, माणसांच्या मनातली भीती घालवा. दहावं आहे, कामगारांना उद्देशून लावलेल्या घोषणा आणि पोस्टरं काढून टाका. आमच्याकडे तो फ्लेक्स ८ बाय ४ चा होता, ‘शून्य दोष हाच आमचा ध्यास’ या बॅनरच्या बरोब्बर खाली. १४ वर्षं तिथे होता. तो वाचणारा माणूस मी पाहिला नाही, म्हणून तर टिकला.

कामगारांचा आवाज ऐकण्यासाठी सूचना पेटी लावा. टाइम ऑफिसशेजारी, कॅमेऱ्याखाली. किल्ली एचआरकडे. महिन्याला प्रत्येक सेक्शनकडून १० सूचना आल्याच पाहिजेत असं टार्गेट द्या, म्हणजे सुपरवायझर रात्री घरी बसून डाव्या हाताने लिहितील. मी लिहिल्यात. ‘डस्टबिन दोन फूट डावीकडे सरकवल्यास ४ सेकंद वाचतील’ ही माझीच. तिला कायझेन दिनी, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांच्या कौतुकाच्या दिवशी, पहिलं बक्षीस मिळालं, एक थर्मास, आणि तो अजून घरी आहे. त्याच खेपेला पेटीत वहीच्या कागदावरची एक चिठ्ठी निघाली होती. ‘३ नंबर प्रेसच्या एका बटणात पाचर मारली आहे ती काढावी.’ सही नाही. सेकंदांची बचत काही दाखवलेली नाही. अशी चिठ्ठी आली की ‘विचाराधीन’ या फाइलमध्ये लावावी. ती फाइल जाड दिसते, आणि ऑडिटरला जाड फाइल आवडते.

तुम्ही कधी प्रेसवर उभे राहिला नसाल तर थोडक्यात सांगतो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा भाग खाली, डायवर म्हणजे साच्यावर, येतो. उद्देश एवढाच की प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन्ही हात बटणावर ठेवले की पुढचा पत्रा लावायला हात मोकळा राहत नाही आणि शिफ्टचे नग कमी पडतात. मग कोणीतरी एका बटणात लाकडाची पाचर ठोकतं. कोण ते कधीच कळत नाही. नग मात्र वाढतात, आणि वाढलेल्या नगांचा आलेख साहेब लोकांच्या प्रेझेंटेशनमध्ये हिरवा असतो.

सूचनांवरून आठवलं, लाइन थांबवायची दोरीसुद्धा लावून घ्या, तिला अँडन कॉर्ड म्हणतात. टोयोटाने ती वापरली, म्हणजे आपल्याकडे हवीच. तिचं मूळ तर मागावर आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली आणलेल्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड पुढे जायचंच नाही. पुढे मोटारींच्या कारखान्यात धाग्याची ती अक्कल माणसाच्या हातात दिली गेली. काही चुकीचं दिसलं तर साध्या कामगाराने दोरी ओढायची, आणि वरिष्ठाने धावत येऊन विचारायचं की काय अडचण आहे. आमच्याकडे दोरी लागली, नारळ फुटला, पेढे वाटले. महिन्याने असेम्ब्लीवरच्या एका मुलीने ती ओढली, कारण बोल्टाचे आटे गेलेले होते. वरिष्ठ धावत आले, तेवढं टोयोटासारखंच. येऊन विचारलं, ‘कोणी ओढली?’ त्यानंतर कोणी ओढली नाही. पुढे ती येता-जाता डोक्याला लागते म्हणून केबल टायने वर बांधली. कस्टमर आला की सोडायची. तुम्हीही केबल टाय जवळ ठेवा, पांढरा घ्या, भिंतीवर दिसत नाही.

संवेदनशील नेतृत्वाचं ट्रेनिंग वर्षातून एकदा तरी हवं. मुळशीकडे एखादं रिसॉर्ट बघा. फुगे फोडायचे, डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. ट्रेनिंग रविवारी ठेवा, कारण प्रॉडक्शनला धक्का लागता कामा नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. एवढी जुनी गोष्ट कुठवर सांभाळायची? २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांपर्यंत गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा प्रश्नही त्यांनी विचारला. आमच्या थर्ड शिफ्टच्या पोरांना हा प्रश्नच कळला नाही. ते घरी जातात तेव्हा बायको कामाला निघालेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेटमधून आत आल्या आल्या उजव्या हाताला बोर्ड असतो, ‘अपघातविरहित दिवस’. त्याखाली आकडा. प्लांट हेडची सगळी आपुलकी शेवटी त्या आकड्यात मोजली जाते, तेव्हा तो मोडू देऊ नका. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी हात पुढे करून शपथ घ्यायची, बॅज लावायचा, आणि बाकीचे दिवस आकडा सांभाळायचा.

कसा सांभाळायचा ते सांगतो. आमच्या बोर्डावर २९१ होतं. ३०० ला जिलेबी ठरली होती, हेड ऑफिसहून माणसं येणार होती. सेकंड शिफ्टला, साडेनऊच्या सुमारास, ३ नंबर प्रेसवर राखाडी शर्टातला एक पोरगा होता, बीडकडचा, येऊन ५ महिने झालेले. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली. तो ओरडला नाही. हात धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘सर, डाय बघा, खराब झाली का.’

तर अशा वेळी गडबडून जाऊ नका. पहिलं म्हणजे पाचर काढून खिशात घालायची. दुसरं, कॉन्ट्रॅक्टरला फोन, म्हणजे हॉस्पिटलच्या कागदावर ‘मोटारसायकलच्या चेनमध्ये बोट सापडले’ असं येतं. कामावरची दुखापत लिहिली गेली तर ईएसआयकडून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यातून, त्याला बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतील, मेडिकल बोर्डाने ठरवलं तर गेलेल्या बोटापायी आयुष्यभर दरमहा काहीतरी मिळत राहील, आणि त्या प्रत्येक महिन्याला आपला आकडा मोडल्याचा पुरावा तयार होत राहील. तिसरी गोष्ट बारीक आहे, नीट ऐका. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे, जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात सरकारला कळवावा लागायचा. म्हणजे आपल्या हातात ४८ तास असायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीची बोलेरो त्याच्या खोलीवर गेली. त्याला आणून टाइम ऑफिसमध्ये पंख्याखाली बसवला, समोर हजेरीची कार्डं ठेवली आणि डाव्या हाताने नंबरवार लावायला सांगितली. एचआरच्या मॅडमनी त्याला स्वतः चहा दिला. माणुसकीच्या नात्याने, असं नंतर कंपनीच्या मासिकात छापून आलं.

बोर्डावर २९२ झालं.

३०० व्या दिवशी मंडप होता. हेड ऑफिसच्या साहेबांनी भाषणात आपुलकी हा शब्द ११ वेळा घेतला, आम्ही मागे उभे राहून मोजत होतो. त्या दिवशी राखाडी शर्टांना पहिल्या पंगतीत बसवलं. पोरगा माझ्या समोरच होता. डाव्या हाताने जिलेबी उचलायचा, पाक कोपरापर्यंत ओघळायचा, आणि पुसायला दुसरा हात वापरता येत नव्हता म्हणून शर्टाच्या खांद्याला तोंड आणि कोपर दोन्ही घासायचा. ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर त्याला म्हणाला, ‘दादा, तो हात जरा मागे घ्या.’ त्याने लगेच घेतला. शिस्तीचा पोरगा. तो फोटो मोठा करून कॅन्टीनच्या भिंतीवर लावलाय, खाली ‘आमचं कुटुंब’. तुम्ही चार्ज घ्याल तेव्हा दिसेलच. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. सोळाव्या महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे कुठे गेला माहीत नाही.

एक व्यवहाराची सूचना तेवढी राहिली. आमच्याकडे बोर्ड काळा होता आणि आकडा खडूने लिहायचा असायचा. शिफ्ट सुपरवायझर म्हणून ते काम माझ्याकडे होतं, रोज सकाळी आधीचा आकडा पुसायचा आणि एकने वाढवायचा. २९२ मीच लिहिला. तुम्ही चुंबकाचे आकडे मागवून घ्या. खडूची पूड बोटांना लागते, आणि साबणाने लगेच जात नाही.