चारशे चाळीस कोटी डॉलर आणि पन्नास हजारांचा पहिला हप्ता

नेपाळला भूकंपानंतर एवढी मदत मिळाली, मग लोक वर्षानुवर्षं पत्र्याखाली का राहिले? ‘पैसा खाल्ला’ म्हणून हा प्रश्न निकालात काढला जातो, ते मला पटत नाही. पैसा नेमका कुठे अडला ते बघायला हवं.

२५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा धक्का, १२ मे ला ७.३ चा. जवळपास नऊ हजार माणसं गेली, सुमारे पाच लाख घरं पडली. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. तिचं नुकसान होऊ लागलं म्हणून मेच्या सुरुवातीला १९६ टनांवरची विमानं बंद करावी लागली. ताडपत्री-तंबूंवरचा कर माफ झाला, पण बाकीचं सामान कस्टममध्ये तुंबलं.

२५ जूनला काठमांडूत मदत देणाऱ्या देशांची आणि संस्थांची परिषद झाली, तिथे ४४० कोटी डॉलर जाहीर झाले. जाहीर झाले, जमा नाही झाले. भारताच्या १०० कोटींपैकी २५ कोटी अनुदान आणि ७५ कोटी कर्ज होतं. प्रत्येक देशाशी वेगळा करार करायचा, कुठला जिल्हा, खर्च कुणामार्फत, हे ठरवायचं. नेपाळच्या बाजूने हे करणार कोण? पुनर्निर्माण प्राधिकरण अध्यादेशाने स्थापन झालं. अध्यादेशाची मुदत संपली आणि कायदा व्हायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकेबंदीने डिझेल आटलं आणि डोंगरातला पहिला हिवाळा लोकांनी पत्र्याखाली काढला.

त्यानंतरची अडचण हप्त्यांची. घरामागे अनुदान आधी दोन लाख नेपाळी रुपये होतं, २०१६ मध्ये तीन लाख झालं. घरमालकाचा सरकारशी करार झाला की ५० हजार, जोतं तपासून झालं की दीड लाख, भिंती छतापर्यंत आल्या की उरलेले एक लाख. कागदावर चोख. पण डोंगरात सिमेंट-सळई खेचरांवरून किंवा माणसांच्या पाठीवरून चढते. ५० हजारांत तिथे जोतं पुरं होत नाही, आणि जोतं पुरं नाही तर दुसरा हप्ता नाही. मग सावकार. ज्यांच्याकडे जमिनीचा कागद, म्हणजे लालपुर्जा नव्हता, ते तर करारापर्यंतच पोचले नाहीत. घरची तरुण मुलं आखातात आणि मलेशियात, त्यामुळे गवंडी मिळेना.

तपासणीवर मात्र माझा आक्षेप नाही. ही घरं पडली ती दगड-मातीच्या भिंतीमुळे. आत-बाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये चुरा, आणि दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की पदर सुटतात, बाहेरचा फुगून पडतो. किल्लारीत १९९३ ला आपण हेच पाहिलं. उपाय महाग नाही: उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड, कोपऱ्यांत लांब दगडांची गुंफण, जोतं, खिडकीचा तळ आणि दारावर असे भिंतभर फिरणारे, सगळ्या भिंती एकत्र बांधून ठेवणारे पट्टे. पण भिंत उभी राहिल्यावर इंजिनिअरने ‘पट्टा कुठाय?’ विचारणं म्हणजे हप्ता अडकवणं. हे गवंड्याला पाया खणण्याआधी शिकवावं लागतं.

भारताने गोरखा आणि नुवाकोटमध्ये ५० हजार घरांना पैसे दिले, तेव्हा सोबत गावोगाव तांत्रिक माणसंही दिली. ते काम २०२१ मध्ये पुरं झालं. बाकी अनेक ठिकाणी लोकांनी हप्ता घेण्याच्या मुदतीच्या धाकाने एका खोलीचं घर उभं केलं आणि हप्ता पदरात पाडला. त्या खोलीत चूल, धान्याची कणगी आणि सहा माणसं मावत नाहीत. म्हणून बऱ्याच ठिकाणी नव्या घरात सामान आणि माणसं जुन्याच पत्र्याखाली. पहिला हप्ता निदान जोतं पुरं होईल एवढा असता, तर यातले कितीतरी जण पूर्ण घर बांधू शकले असते.