व्हिडिओ आहेत, पण अडलं तर विचारायचं कुणाला?
ऑनलाइन कोर्समुळे लहान गावातल्या कॉलेजांची गरज कमी होईल, हे एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. आयआयटी आणि आयआयएससीने एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर्सच्या उपक्रमात २००३ पासून जे उभं केलं, ते फार मोलाचं आहे; तालुक्याच्या पोरांनाही ती लेक्चर्स फुकट मिळतात. पण माझी भाची थर्मोडायनॅमिक्सचा व्हिडिओ पाहताना एन्ट्रॉपी या संकल्पनेपाशी अडते, मागे नेऊन तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते. कोर्सच्या ऑनलाइन फोरमवर इंग्रजीत प्रश्न टाकायचा तिला धीर होत नाही. शेवटी कॉलेजातल्या मॅडमनीच फळ्यावर मराठीतून समजावलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आता यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून घ्यायची मुभा दिली आहे. या मुभेच्या आडून प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरायचं टाळू नका, एवढीच कळकळीची विनंती.