डॅडगॅड, 12 चा सेट आणि तीन सैल तारा

गिटार डॅडगॅडमध्ये (सहावीपासून पहिलीपर्यंत तारा डी-ए-डी-जी-ए-डी) लावताना काही तारा जाड घ्या, या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘डॅडगॅडसाठी जाड तारा सुचवणं म्हणजे नवख्यांना खर्चात पाडणं, वर नेक वाकणार तो वेगळाच, नेहमीचा 12-53 चा सेट मस्त वाजतो,’ असं तुमचं म्हणणं. (12-53 म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात.)

आधी नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, बघू. तार एक पूर्ण स्वर उतरवली की तिचा सुमारे 20 टक्के ताण गेलाच. साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) 12 ची पहिली तार ई ला साधारण 23 पौंड ओढते, डी ला साडेअठरा. तिच्या जागी 13 ची घातली तरी पावणेबावीसच भरतात. स्टँडर्डला (नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ला) नेक रोज सोसतो त्याहून हे कमीच, मग वाकेल कशाने? अख्खा 13-56 चा सेट चढवला तर न उतरवलेल्या तारा जास्त ओढतील हे खरं, पण तसं मी सुचवलेलंच नाही. डॅडगॅडमध्ये उतरतात फक्त पहिली, दुसरी आणि सहावी. तेवढ्याच बदला: 13, 17, 56. सुट्या तारा मिळतात, त्यामुळे खर्चही तीन तारांचाच. (स्टँडर्डला परत जाताना मात्र त्या काढा.)

आता ‘मस्त वाजतो’. हलक्या हाताने, बोटांनी वाजवत असाल तर वाजतोच, वाद नाही. पण ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लावून 53 ची सहावी डी ला आणा, पिकने जोरात छेडा आणि काटा बघा. आधी डी च्या वर उडी मारतो, मग रेंगाळत खाली येतो. सैल तार छेडताना जी ताणली जाते, तेवढ्यानेही सूर चढतो. फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट जरा जास्त दाबलं तरी तेच. तंबोऱ्याला कोणत्या तारा चढवायच्या हे ठरवतानाही पट्टी विचारतोच ना आपण?

आणि ओपन सी ला (सी-जी-सी-जी-सी-ई) तर तुमचा सेट मला अजिबात मान्य नाही. तिथे सहावी ई वरून थेट सी ला येते, 37 टक्के ताण जातो, तार फ्रेटवर खडखडते. 60 च्या खाली जाऊ नका.

खरी अडचण नटची (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) आहे, ती तुम्ही काढलीच नाहीत. 53 साठी कापलेल्या खाचेत जाड तार अडकते, खुंटी फिरवताना ‘टिंग’ होतं आणि सूर एकदम उडी मारतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा. नाहीच जमलं तर कारागिराकडून खाच रुंद करून घ्या. घरी कानस लावू नका. खाच खोल गेली की नट बदलावा लागतो.