फेरारा विषाने नव्हे, सनदेने गेलं

इटलीतल्या एस्ते घराण्याची एक चमचमीत कहाणी समाजमाध्यमांवर फिरत असते. तिचा गोषवारा असा: फेरारा या शहर-राज्याचे हे ड्यूक विषप्रयोगात तरबेज. सून म्हणून आलेली लुक्रेत्सिया बोर्जा अंगठीत विष बाळगायची. तिचा नातू दुसरा आल्फोन्सो याने कोवळ्या बायकोला विष देऊन मारलं. त्या पापापोटी त्याला मूल झालं नाही, आणि 1597 मध्ये वंश बुडाला, राज्यही गेलं.

आधी अंगठी. लुक्रेत्सिया 1502 मध्ये फेराराला आली तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि हे तिचं तिसरं लग्न होतं. दुसऱ्या नवऱ्याचा रोममध्ये 1500 साली खून झाला होता. त्यात हात होता तो तिच्या भावाच्या माणसाचा, तोही गळा दाबून. लग्नानंतर दीड वर्षातच तिचे वडील, पोप सहावे अलेक्झांडर, वारले. आता ती राजकारणाला उपयोगाची उरली नव्हती, तरी सासरच्यांनी तिला परत पाठवलं नाही. नवरा मोहिमेवर असताना ती कारभार बघायची, लोकांचे अर्ज ऐकायची, पाणथळ जमिनी घेऊन त्यांचा निचरा करून लागवडीखाली आणायची. 1519 मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. तिने कुणाला विष दिल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. विष घालणारी लुक्रेत्सिया युरोपभर पोचवली ती 1833 मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाने आणि त्यावर त्याच वर्षी आलेल्या दोनिझेत्तीच्या ऑपेराने.

याचा अर्थ एस्ते मंडळी साधुसंत होती असा नाही. याच घराण्यातल्या तिसऱ्या निक्कोलोने 1425 मध्ये बायको पारिझिना आणि तिच्याशी संबंध असलेला स्वतःचा मुलगा ऊगो या दोघांची मुंडकी उडवली. लुक्रेत्सियाचा सावत्र दीर जूलियो कटात सापडून 1506 मध्ये तुरुंगात गेला आणि 53 वर्षांनी बाहेर आला. त्याला सोडणारा कोण? हाच तो बायकोमारू म्हणवला जाणारा दुसरा आल्फोन्सो.

त्याची बायकोही लुक्रेत्सियाच, पण फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यातली. (या लोकांकडे नावांचा दुष्काळच होता.) 1558 मध्ये तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा लगेच फ्रान्सला निघून गेला. 1560 मध्ये ती फेराराला नांदायला आली आणि एप्रिल 1561 मध्ये वारली. तिच्या आजाराची लक्षणं पाहता तो बहुधा क्षय होता, आणि उपचारासाठी माहेरहून वैद्य आला होता. विष देणाऱ्याला घरात सासऱ्याचा वैद्य कशाला चालेल? विषाची कुजबूज झाली खरी, पण तिला अमर केलं ते इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या 1842 मधल्या कवितेने. आपल्याकडेही इंग्रजी साहित्य शिकणारे ती वाचतात. कविता उत्तमच आहे. पण शवचिकित्सेचा अहवाल म्हणून ती वाचू नये. शिवाय याच मेदिचींनी 1586 मध्ये मृत लुक्रेत्सियाची सावत्र बहीण व्हर्जिनिया पुन्हा एस्ते घरातच दिली.

तिचा नवरा चेझारे. फेरारा का गेलं याचं उत्तर त्याच्यापाशी आहे.

आल्फोन्सोची तीन लग्नं झाली, मूल एकाही बायकोला झालं नाही. इथपर्यंत फिरती कहाणी बरोबर आहे. पण वारस होता. चुलतभाऊ चेझारेला आल्फोन्सोने रीतसर वारस नेमलं होतं. अडचण सनदेची होती. मोदेना आणि रेज्जो या शेजारच्या शहरांची ड्यूकगिरी या घराण्याला 1452 मध्ये पवित्र रोमन सम्राटाने दिली होती, फेराराची 1471 मध्ये पोपने. म्हणजे एक राजा आणि दोन धनी. चेझारेचे वडील पहिल्या आल्फोन्सोला, म्हणजे लुक्रेत्सिया बोर्जाच्या नवऱ्याला, लाउरा दियांती या प्रेयसीपासून झालेले. त्या दोघांचं पुढे लग्न झालं होतं असा घराण्याचा दावा, पण रोमने तो मानला नाही. पोप पाचव्या पायसने 1567 मध्येच फर्मान काढून ठेवलं होतं की पोपच्या जहागिरी अनौरस शाखेला मिळणार नाहीत.

गंमत बघा, ज्या बोर्सोला या दोन्ही सनदा मिळाल्या तो स्वतः निक्कोलोचा अनौरस मुलगा होता! तेव्हा रोमला हरकत नव्हती. साताऱ्याचं दत्तकविधान नाकारून 1848 मध्ये कंपनीने राज्य खालसा केलं, ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही चाल परकी वाटू नये.

सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने मात्र मोठी रक्कम घेऊन चेझारेचा मोदेना-रेज्जोवरचा हक्क मान्य केला. ऑक्टोबर 1597 मध्ये आल्फोन्सो वारला. डिसेंबरात पोप आठव्या क्लेमेंटने चेझारेला धर्मबहिष्कृत केलं आणि सैन्य सीमेवर आणलं. चेझारेने वाटाघाटीला पाठवलं चुलतबहिणीला, म्हणजे आल्फोन्सोच्या बहिणीला, आणि ती या शाखेचा मनापासून द्वेष करणारी. जानेवारी 1598 मध्ये तिने फेरारा देऊन टाकलं, वर आपली मालमत्ताही पोपच्या पुतण्याच्या नावे केली. राजवाड्यातली चित्रकार तिशियनची चित्रं रोमला गेली. त्यातलं एक आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

राहिला बुडालेला वंश. चेझारे मोदेनाला गेला आणि त्याच्या वंशजांनी तिथे 1796 पर्यंत, नेपोलियनची फौज येईपर्यंत, राज्य केलं. त्यांच्यातलीच मारिया 1685 मध्ये दुसऱ्या जेम्सची पत्नी म्हणून इंग्लंडची राणी झाली. पुरुषवंश संपला तो 1803 मध्ये, तिसऱ्या एर्कोलेबरोबर. त्याची मुलगी ऑस्ट्रियाच्या राजघराण्यात दिलेली होती. नेपोलियन पडल्यावर तिच्या मुलाने आणि नातवाने ऑस्ट्रिया-एस्ते या नावाने 1859 पर्यंत मोदेना राखलं. 1914 मध्ये सारायेव्होत गोळी लागलेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड हाच किताब लावायचा.